गोव्यात रिअल इस्टेट ब्रोकरेजची फ्रँचायझी : खरे पैसे किती लागतात?

खोर्लीकर | ३ जून, सकाळी ९.१०

नमस्कार मंडळी. बारा वर्षं एका बँकेच्या गृहकर्ज विभागात काढली आणि एप्रिलमध्ये नोकरी सोडली. म्हापशाला खोर्लीत वडिलांचं शिलाईचं दुकान होतं, २८ चौरस मीटर. गेल्या वर्षी वडील गेले, तेव्हापासून शटर बंदच आहे. तिथे ब्रोकरेजचं ऑफिस काढावं असं मनात आहे. कर्जाच्या फायली बघून बघून बार्देशातली घरं, बिल्डर आणि भाव बऱ्यापैकी ओळखीचे झालेत.

एका मोठ्या ब्रँडच्या प्रतिनिधीबरोबर दोन बैठका झाल्या. त्याने दिलेल्या पुस्तिकेत एकच ओळ आहे, 'एकूण गुंतवणूक १२ ते १५ लाख'. त्या ओळीत काय धरलंय आणि काय नाही, हे दोन्ही वेळा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर मिळालं की बाकीचं धंद्यातूनच निघतं.

माझ्याकडे पीएफ आणि बचत धरून १९ लाख आहेत. बायको शिक्षिका आहे, तिच्या पगारावर घर चालेल. मुलगी पुढच्या वर्षी बारावीला. त्यामुळे हे पैसे बुडाले तर पुन्हा उभे करायला वेळ नाही. ज्यांनी गोव्यात हे केलंय त्यांनी आकडे सांगितले तर फार उपकार होतील. 'चांगला धंदा आहे' किंवा 'नको पडूस त्यात' एवढ्याने माझं भागणार नाही.

---

शिवोलीची_सून | ३ जून, दुपारी २.४५

खोर्लीकर, मी फ्रँचायझी चालवते, तिसरं वर्ष सुरू आहे. ब्रँडचं नाव लिहिणार नाही. आकडे मात्र वहीतून उतरवून देते, कारण मी सुरू करताना मला हे कोणी दिले नव्हते.

दार उघडायच्या आधी गेलेले पैसे असे. फ्रँचायझी फी ६ लाख, पाच वर्षांसाठी. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १ लाख ८ हजार. म्हापसा-शिवोली रस्त्यावर ३२ चौरस मीटरचा गाळा भाड्याने घेतला, त्याचं सहा महिन्यांचं डिपॉझिट २ लाख २८ हजार. आतलं काम, टेबलं, एसी, दोन कॉम्प्युटर आणि बाहेरचा बोर्ड मिळून ५ लाख ४० हजार. रेरा (घर-जमिनीच्या धंद्यावरचं सरकारी नियामक प्राधिकरण) नोंदणी, परवाने, कराराचा मुद्रांक, सीए आणि वकील यांचे सगळे मिळून ९० हजार. बेरीज १५ लाख ६६ हजार. म्हणजे पुस्तिकेतला आकडा तसा खोटा नव्हता. तो फक्त शटर उघडायच्या दिवसापाशी थांबत होता.

आता महिन्याचं. भाडं ३८ हजार. ऑफिसात बसणाऱ्या मुलीला १८ हजार. फिरणाऱ्या दोन मुलांना १५-१५ हजार फिक्स आणि वर कमिशन. ब्रँडच्या सॉफ्टवेअरचे साडेसहा हजार. पोर्टलवरच्या जाहिराती आणि फोटो २५ हजार. पेट्रोल, फोन, वीज २० हजार. ब्रँडला द्यायची किमान रॉयल्टी १० हजार. हे १ लाख ४७ हजार ५०० झाले. करारात रॉयल्टी ब्रोकरेजच्या ८ टक्के किंवा १० हजार, जे जास्त असेल ते. एकही सौदा झाला नाही तरी १० हजार जाणारच.

पहिली ब्रोकरेज माझ्या खात्यात आली सातव्या महिन्यात. तोपर्यंत १० लाख ३२ हजार महिन्याच्या खर्चात गेले होते. दोन्ही मिळून सुमारे २६ लाख. माझ्याकडे १८ होते. उरलेल्यांसाठी सासूबाईंनी आपल्या बांगड्या बँकेत ठेवल्या. ते दिवस आठवले की आजही पोटात कालवाकालव होते.

आणि तो पहिला सौदा बघा. १ कोटी ४० लाखांचं घर. आमच्याकडे दोन टक्के चालतात, म्हणजे २ लाख ८० हजार. गिऱ्हाईक दुसऱ्या एजंटचं होतं, त्यामुळे निम्मे त्याला. राहिले १ लाख ४० हजार. त्यातले ४० टक्के, ५६ हजार, माझ्या मुलाला. ८ टक्के रॉयल्टी ११ हजार २०० आणि ब्रँडच्या जाहिरात निधीला २ टक्के, २ हजार ८००. माझ्या हातात ७० हजार. त्या महिन्याचा निम्मा खर्चसुद्धा सुटला नाही.

बोर्डाचंही सांगते. ब्रँडने ठरवून दिलेल्या कारखान्यातूनच घ्यावा लागला, गोव्याबाहेरच्या. ७२ हजारांचा चकचकीत बोर्ड. पहिल्याच पावसाळ्यात आत पाणी शिरून अर्धी अक्षरं विझली. खाऱ्या हवेत चौकटीचे स्क्रू गंजून तांबडे पाट भिंतीवर उतरले. म्हापशाच्या पेंटरकडून पत्र्याचा बोर्ड करून घेते म्हटलं तर परवानगी नाही. शेवटी दुरुस्तीला आणखी १९ हजार घातले. तुमचं दुकान रस्त्याला तोंड करून असेल तर बोर्ड आणि पावसाळा या दोन गोष्टी करारावर सही करण्याआधी बोलून घ्या.

---

खोर्लीकर | ३ जून, रात्री ८.३०

ताई, देव बरें करूं. एवढं उघडपणे कोणी लिहीत नाही. दुकान आमचंच असल्यामुळे भाडं आणि डिपॉझिट वाचेल असं धरतोय. तुमच्या हिशेबाने सात महिन्यांसाठी ७ लाख ६६ हजार आणि सुरुवातीला १३ लाख ३८ हजार. तरी २१ लाख होतात. माझ्या १९मध्ये बसत नाहीत.

---

हिशेबनीस_मडगाव | ४ जून, सकाळी ७.५५

सीए आहे. माझ्याकडे असे चार-पाच अशील आहेत, म्हणून कराच्या बाजूने लिहितो.

जीएसटीची नोंदणी फ्रँचायझी फी भरण्याच्या *आधी* करा. सेवांसाठी २० लाखांपर्यंतच्या उलाढालीला नोंदणी सक्तीची नाही, म्हणून बरेच जण म्हणतात 'पहिल्या वर्षी कशाला'. पण नोंदणीच्या आधी घेतलेल्या सेवेवरचा कर मागाहून परत मिळत नाही. शिल्लक मालावरचा मिळू शकतो, सेवेवरचा नाही. फ्रँचायझी फी ही सेवा आहे. म्हणजे ६ लाखांवरचे १ लाख ८ हजार एका तारखेच्या चुकीने कायमचे जातात. आधी नोंदणी असेल तर तेच पैसे तुमच्या ब्रोकरेजवरच्या १८ टक्क्यांतून वळते होतात.

भाड्याने गाळा घेणाऱ्यांसाठी. १० ऑक्टोबर २०२४पासून घरमालक जीएसटीत नोंदलेला नसेल आणि तुम्ही असाल, तर भाड्यावरचे १८ टक्के तुम्हीच भरायचे. ते रोखीने भरावे लागतात. क्रेडिट मिळतं, पण पैसे आधी खिशातून जातात. सून ताईंच्या ३८ हजारांवर हे महिन्याला ६ हजार ८४० होतात. त्यांच्या यादीत ते दिसले नाहीत.

बिल्डर ब्रोकरेज देताना टीडीएस कापतो. तो ऑक्टोबर २०२४पूर्वी ५ टक्के होता, आता २ आहे. एवढाच थोडा दिलासा.

आणि कळकळीने सांगतो, रोखीत हात घालू नका. जमीन-घराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रक्कम रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही. 'टोकन म्हणून पन्नास हजार ठेवा हो' असं म्हणत गिऱ्हाईक पाकीट पुढे करतं. बँकेतल्या माणसाला हे सांगायला नको, पण टेबलाच्या या बाजूला बसल्यावर मोह वेगळा असतो.

---

शिवोलीची_सून | ४ जून, सकाळी ८.२०

हिशेबनीस, बरोबर. माझा घरमालक नोंदलेला नाही आणि ते मी भरते. वहीत 'कर' म्हणून वेगळ्या पानावर होतं, म्हणून राहून गेलं. आणि फी मी नोंदणीच्या दोन आठवडे आधी भरली होती. ते १ लाख ८ हजार गेलेच.

---

विर्नोड्याचो | ४ जून, संध्याकाळी ६.१५

मी दीड वर्षात बंद केली. म्हणून माझंही ऐका.

मोपा विमानतळ जानेवारी २०२३मध्ये सुरू झाला आणि पेडण्यात जो तो जमिनीचं बोलायला लागला. मीही त्याच लाटेत फ्रँचायझी घेतली. मला सांगितलं होतं, पेडणे तालुका तुमचा. करारात मात्र शब्द होता 'प्राथमिक कार्यक्षेत्र'. नऊ महिन्यांनी त्याच ब्रँडचं दुसरं ऑफिस माझ्यापासून सहा किलोमीटरवर उघडलं. विचारलं तर म्हणाले, प्राथमिक म्हणजे एकमेव नव्हे. इंग्रजी करार होता आणि मी त्या शब्दावर थांबलो नव्हतो.

दुसरं दुखणं जमिनीचं. तेव्हा माझ्याकडे येणाऱ्यांतले निम्मे ऑर्चर्ड झोनची, म्हणजे बागायतीसाठी राखलेली, भाटं घेऊन यायचे आणि म्हणायचे, नगर नियोजन कायद्याच्या १७(२)खाली झोन बदलून होईल. त्या आशेवर मी तीन मोठे सौदे धरून बसलो. गिऱ्हाईकं थांबली, मग पांगली. मार्च २०२५मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १७(२)चे नियमच रद्द केले. माझं ऑफिस त्याआधीच बंद झालं होतं. ज्यांनी त्या भरवशावर जमिनी घेतल्या त्यांचे फोन मला अजून येतात. मी सौदा जुळवला नव्हता तरी जीव तुटतो.

बंद करतानाचा खर्च कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. पाच वर्षांचा करार अर्ध्यात सोडला तर उरलेल्या महिन्यांची किमान रॉयल्टी द्यायची, असं कलम होतं. माझे ४२ महिने उरले होते, महिन्याला १२ हजार. ५ लाख ४ हजार मागितले. भांडून दीड लाखावर मिटवलं. बोर्ड, छापील कागद, गाडीवरचं स्टिकर, सगळं पंधरा दिवसांत उतरवायचं होतं, तेही माझ्याच खर्चाने. आत जायच्या वेळी बाहेर पडायचे पैसे किती, हा प्रश्न विचारा.

---

ऑस्टिनवासी | ५ जून, पहाटे ४.०५

मूळचा डिचोलीचा, सध्या टेक्ससमध्ये. बायको इथे एका फ्रँचायझी ऑफिसात एजंट आहे, म्हणून इथली पद्धत सांगतो. तुलना करायला उपयोगी पडेल.

फ्रँचायझी ब्रोकरेज हा प्रकार मुळात इथला. री-मॅक्स १९७३मध्ये डेन्व्हरला सुरू झाली, केलर विल्यम्स १९८३मध्ये आमच्या ऑस्टिनला. इथे कोणत्याही फ्रँचायझीसाठी केंद्राचा नियम आहे. सही करण्याच्या किंवा एक डॉलर देण्याच्या किमान १४ दिवस आधी कंपनीने तुमच्या हातात एक जाडजूड माहितीपत्रक ठेवायचं. त्यात २३ कलमं. पाचव्यात सुरुवातीची फी. सहाव्यात बाकीच्या फिया, रॉयल्टी, जाहिरात निधी. सातव्यात सुरुवातीच्या गुंतवणुकीचा तक्ता, आणि त्या तक्त्यात सुरुवातीचे किमान तीन महिने तग धरायला लागणारे पैसे वेगळे दाखवावे लागतात. विसाव्यात किती ऑफिसं उघडली, किती बंद पडली आणि सोडून गेलेल्यांशी संपर्क कसा करायचा, हे. कमाईचं आमिष दाखवायचं असेल तर एकोणिसाव्या कलमात आधारासकट लिहायचं.

भारतात असा फ्रँचायझीचा वेगळा कायदा नाही. म्हणून तुमच्या हातात ती एक ओळीची पुस्तिका आली. पण तुम्ही हीच कलमं प्रश्न म्हणून मागू शकता. विसावं तर जरूर मागा. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटकात गेल्या तीन वर्षांत बंद झालेल्या ऑफिसांचे मालक कोण आणि त्यांच्याशी बोलता येईल का? देत नसतील तर त्यातूनही कळायचं ते कळतं.

एक फरक मात्र डोक्यात ठेवा. इथे एजंटला पगार नसतो, तो स्वतंत्र कंत्राटदार. शिवाय एमएलएस नावाची सामायिक यादी असते, त्यात घर एकदा चढलं की सगळ्या ब्रोकरांना दिसतं. इथली रॉयल्टी त्या व्यवस्थेवर उभी आहे. केलर विल्यम्समध्ये रॉयल्टी ६ टक्के, पण एका एजंटमागे वर्षाला ३,००० डॉलरची मर्यादा. म्हणजे चांगलं काम करणाऱ्याला वरचं त्याचं त्याला राहतं. तुमच्या ब्रँडच्या ८ टक्क्यांना अशी वरची मर्यादा आहे का?

---

शिवोलीची_सून | ५ जून, सकाळी ९.००

नाही. खालची आहे, वरची नाही. हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. नूतनीकरणाच्या वेळी मागणार.

---

कुठ्ठाळीचो_बाब | ५ जून, सकाळी ११.३०

तेवीस वर्षं एजंट आहे, कोणत्याही ब्रँडविना. माझं स्पष्ट मत आहे की गोव्यात फ्रँचायझीची गरज नाही. अमेरिकेत ती यादी तरी मिळते. इथे एकच घर सहा एजंटांकडे सहा भावांत असतं. घर मिळतं ते माणसांमुळे. चर्चमागचा बेकरीवाला, पंचायतीतला शिपाई, सर्व्हेयर. भाटकाराचा, म्हणजे जमीनमालकाचा, मुलगा लिस्बनहून आला की मला पहिला फोन कोण करतो? ब्रँडचं सॉफ्टवेअर नाही करत.

खोर्लीकर, तुमचं स्वतःचं दुकान आहे, बँकेतली ओळख आहे. रेरा नोंदणी करा, रंग मारा, दोन टेबलं टाका. चार-साडेचार लाखांत दार उघडेल. उरलेले पंधरा लाख तुमच्याकडे राहतील आणि त्यावर तुम्ही दोन वर्षं काढाल. धंद्यात तग धरणं महत्त्वाचं.

---

शिवोलीची_सून | ५ जून, दुपारी १.१०

बाब, तुमचा अनुभव माझ्याहून कितीतरी मोठा. पण एक बाजू राहते. तुम्हाला घरं ओळखीने मिळतात, मान्य. गिऱ्हाईक? माझ्या गेल्या वर्षाच्या २३ सौद्यांत, भाड्याचे धरून, ९ गिऱ्हाईकं ब्रँडच्या दिल्ली, बंगळूर आणि पुण्याच्या ऑफिसांतून आली. ती माणसं मला ओळखत नव्हती, बोर्ड बघून विश्वासाने आली. आणि मी बाई. आसगावात पहिल्यांदा साइट दाखवायला गेले तेव्हा 'तुमचे साहेब कुठे' असं विचारणारे भेटले. त्या बोर्डाने मला पाय रोवायला जागा दिली, हे मी नाकारणार नाही. विसाव्या महिन्यापासून ऑफिस स्वतःच्या पायावर आहे. बांगड्या सोडवून सासूबाईंच्या हातात घातल्या.

पण सात महिने का लागले ते सांगायला हवं, कारण गोव्यात खरा पैसा तिथेच जातो.

हळदोण्याचं घर. मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून कागद काढून एकेक टेबलावर ठेवत होत्या. पोर्तुगीज दस्त, पिवळा पडलेला, मध्ये घडीवर चिरलेला. एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्याचा सातबारा, ठीक वाटला. मालक म्हणून त्या आणि त्यांचे दोन भाऊ. गिऱ्हाईक तयार, भाव ठरलेला, तिसऱ्या महिन्यातली गोष्ट. मग वकिलाने उताऱ्यातल्या 'इतर हक्क' या रकान्यावर बोट ठेवलं. 'घर अमक्याचं' अशी एक ओळ होती. आवाराच्या कोपऱ्यात एक मातीचं घर, माडांच्या आड, मी स्वतः त्याच्या समोर उभी राहून फोटो काढले होते. मुंडकाराचं, म्हणजे मालकाच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं, घर. त्यात एक म्हातारा आणि त्याची सून राहत होती. १९७५च्या मुंडकार कायद्याने त्यांचा हक्क आहे आणि तो असायलाच हवा. त्यांच्याशी बोलणी, मोजणी, मामलेदाराकडचे खेटे, त्यांचा तुकडा वेगळा करून देणं. मग एका भावाच्या बायकोची सही राहिलेली, ती पोर्तुगालमध्ये. तिकडून कुलमुखत्यारपत्र यायला सहा आठवडे. चार महिने असे गेले. दर महिन्याला १ लाख ४७ हजार चालू होते.

ब्रँडच्या प्रशिक्षणात आम्हाला गिऱ्हाईकाशी हात कसा मिळवायचा ते शिकवलं. एक-चौदा कसा वाचायचा ते कोणी शिकवलं नाही. ते मी फोंड्याच्या एका वकीलबाईंकडून शिकले, ज्या इथेही लिहितात.

---

फोंड्याची_वकील | ५ जून, रात्री ९.४०

ताईंनी बोलावलं म्हणून लिहिते.

आधी करार. फ्रँचायझीच्या करारात हमखास असतं की करार संपल्यावर दोन-तीन वर्षं हा धंदा करायचा नाही. करार कायदा १८७२, कलम २७ प्रमाणे करार संपल्यानंतर माणसाला आपला व्यवसाय करण्यापासून रोखणारी अट सामान्यतः टिकत नाही. करार चालू असतानाची बंधनं टिकतात. पण टिकत नाही हे सिद्ध करायला तुम्हाला जायचं कुठे? लवादाचं ठिकाण बहुधा मुंबई किंवा गुरुग्राम असतं. तारखांना विमानाने जायचं तर ती अट तुमच्यावर तशीही चालते. लवाद पणजीत ठेवा, हे सहीआधी मागा.

रेरा. ब्रँडची दुसऱ्या राज्यातली नोंदणी तुमच्या कामाची नाही. नोंदणी राज्यापुरती असते आणि तुमच्या फर्मच्या नावाने गोवा रेराकडे वेगळी करावी लागते. फ्लॅट आठांहून जास्त किंवा जमीन ५०० चौरस मीटरहून जास्त असेल, तर तो प्रकल्प नोंदणीत येतो. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातली विक्री एजंटाने करून द्यायची नाही. एजंट स्वतः नोंदणीविना सापडला तर दंड दिवसाला १० हजार, आणि तो मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत चढू शकतो. ब्रँडच्या पुस्तिकेतल्या कुठल्याही फीपेक्षा हा आकडा मोठा होऊ शकतो.

आता, खोर्लीकर, तुम्हालाच एक प्रश्न. दुकान 'आमचं' म्हणालात. वडील गेल्यावर कागद केले का? गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक. म्हणजे त्या दुकानातला अर्धा हिस्सा तुमच्या आईचा आधीपासूनच. वडिलांचा अर्धा तुम्हा भावंडांत. बहिणी आहेत का? लग्न झालंय का? मग त्यांच्या नवऱ्यांचाही प्रश्न येऊ शकतो. नगरपालिका परवान्याला मालकीचा कागद मागणार, ब्रँडही मागणार. वारसाचा दस्त आणि सगळ्यांचं ना-हरकत हे पहिलं काम. आणि तुम्ही ज्या दुकानात बसून लोकांची घरं विकणार, त्याचे कागद मोकळे असणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

---

खोर्लीकर | ६ जून, सकाळी ६.५०

रात्री झोप लागली नाही. कागद केलेले नाहीत. घरपट्टी अजून वडिलांच्या नावाने येते. बहीण ठाण्याला असते, लग्न म्हापशालाच नोंदलं होतं. बारा वर्षं दुसऱ्यांच्या फायलीत हीच त्रुटी शोधून परत पाठवत आलो आणि घरची फाइल उघडली नाही. वडिलांच्या शिलाईच्या यंत्राच्या खणात सगळे कागद आहेत. आज काढतो.

---

बांद्याहून | ६ जून, सकाळी १०.२०

पेडणे आणि सावंतवाडी दोन्हीकडे काम करू असं कोणी धरत असेल तर, सिंधुदुर्गासाठी महारेराची वेगळी नोंदणी लागते. महाराष्ट्रात एजंटाला आता प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची आहे. तो वेळ आणि खर्च वेगळा धरा.

---

हिशेबनीस_मडगाव | ६ जून, दुपारी ३.३०

आणखी एक, रॉयल्टी कशावर? बिल केलेल्या रकमेवर की हातात आलेल्या? बिल्डरकडून ब्रोकरेज यायला वेळ लागतो. रेराप्रमाणे नोंद केलेल्या कराराआधी बिल्डर १० टक्क्यांहून जास्त घेऊ शकत नाही, त्यामुळे बरेच बिल्डर तुमची ब्रोकरेज करार नोंद झाल्यावर आणि पुढे हप्त्यांनी देतात. तुम्ही जुलैत बिल केलं, पैसे नोव्हेंबरात आले, पण रॉयल्टी आणि जीएसटी ऑगस्टमध्ये भरायचा. माझा एक अशील याच खड्ड्यात अडकला. धंदा चांगला, खात्यात पैसा नाही. 'प्रत्यक्ष मिळालेल्या ब्रोकरेजवर' हे शब्द करारात घालून घ्या.

---

विर्नोड्याचो | ६ जून, दुपारी ४.००

+१. माझ्या करारात 'बिल केलेल्या' होतं.

---

खोर्लीकर | २४ ऑगस्ट, रात्री १०.१५

मंडळी, अडीच महिन्यांनी येतोय. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांना काय झालं ते कळायला हवं.

आधी दुकान. बहीण आणि भावोजी जुलैत दोन दिवसांसाठी आले. वारसाचा दस्त झाला. दुकान आईच्या आणि आम्हा दोघांच्या नावावर चढवायचं काम चालू आहे. बहिणीने ना-हरकत दिली, आणि मी तिला तिच्या हिश्शाचं भाडं महिन्याला साडेपाच हजार द्यायचं ठरलं. ती नको म्हणत होती. आईने सांगितलं, कागदावर लिही, नाहीतर दहा वर्षांनी दोघांच्या मुलांत वाकडं येईल.

मग ब्रँड. ऑस्टिनवासींचे प्रश्न, वकीलबाईंचे, हिशेबनीसांचे, सगळे मराठीत एका कागदावर लिहिले, मग इंग्रजीत करून ईमेल केले. एकूण १४ झाले. आठांची उत्तरं आली. रॉयल्टी प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेवर, हे मान्य केलं. लवाद पणजीत, मान्य. बोर्ड इथल्या कारागिराकडून, त्यांच्या नकाशाप्रमाणे, तेही मान्य केलं. रॉयल्टीला वरची मर्यादा नाही म्हणाले. बंद झालेल्या ऑफिसांचे संपर्क द्यायला नकार. मधूनच सोडल्यास उरलेल्या सगळ्या महिन्यांची रॉयल्टी, त्यावरून हलायला तयार नाहीत.

त्या शेवटच्या दोन मुद्द्यांवर मी थांबलो. आत्ता फ्रँचायझी घेत नाही. रेराचा अर्ज स्वतःच्या नावाने केलाय. दुकानाला चुना काढला, वडिलांचं कापायचं लांब टेबल घासूनपुसून तेच ठेवलं. सागवानी आहे, त्यावर सर्व्हे प्लॅन उलगडून पसरता येतो. आतापर्यंतचा खर्च ३ लाख १० हजार. वर्षभर महिन्याला ६० हजारांत चालवायचं असा आकडा धरलाय, एकच मुलगा पगारावर. वर्षाने दहा सौद्यांची वही हातात असेल तर ब्रँडशी पुन्हा बोलेन, तेव्हा मागायला मला काहीतरी आधार असेल.

शिवोलीच्या ताई, तुमच्याकडे दिल्लीची गिऱ्हाईकं येतात आणि माझ्याकडे बार्देशातली घरं. अर्ध्या-अर्ध्या ब्रोकरेजवर एकत्र काम करायला मी तयार आहे. तुमच्या करारात चालतं का तेवढं बघा.

---

शिवोलीची_सून | २५ ऑगस्ट, सकाळी ७.३०

चालतं, मी काल रात्रीच कलम काढून वाचलं. थिवीला एक घर बघणारं पुण्याचं कुटुंब आहे, शनिवारी येतंय. तीन खोल्या, विहीर हवी, ८० लाखांपर्यंत. तुमच्याकडे काही असेल तर एक-चौदा आणि झोनिंगचा दाखला घेऊन शुक्रवारी ऑफिसला या. इतर हक्कांचा रकाना आधी बघून या.

---

खोर्लीकर | २५ ऑगस्ट, सकाळी ७.५२

एक आहे, अस्नोड्याच्या वाटेवर. विहीर आहे. रकाना बघितलाय, कोरा आहे. तरी उद्या सकाळी आवारातून एक फेरी मारून येतो.